राजारामपुरीतील जुन्या घराशेजारची कार्यशाळा: प्रकल्प नोंदी

१८ ऑगस्ट २०२४

आजोबांनी १९४१ मध्ये कोल्हापूरच्या राजारामपुरीत बांधलेल्या घराच्या मागे, आवाराच्या वायव्य कोपऱ्यात, मोटारीसाठी उभारलेली पत्र्याची शेड आहे. तिचे खांब गंजले आहेत आणि पावसाळ्यात आत ठेवलेल्या प्रत्येक हत्यारावर तांबेरा चढतो. ती काढून तिथे अशी इमारत बांधायची आहे की पुढच्या भागात एक मोटार उभी राहील आणि मागच्या भागात सुतारकाम, पॅटर्नकाम (ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने करणे) आणि वडिलांचा लहान लेथ (नग फिरवून कातण्याचे यंत्र) यांना कायमची जागा मिळेल. आयुष्यभर शिवाजी उद्यमनगरात पॅटर्नमेकर म्हणून काम केल्यानंतर घरी स्वतःचे बाक असावे ही इच्छा जुनीच होती. परंतु या घराच्या शेजारी काहीही उभारायचे तर ते घराला शोभलेच पाहिजे, ही अट त्या इच्छेइतकीच महत्त्वाची आहे.

काम घराच्या मोजमापापासून सुरू केले. जोते घडीव काळ्या दगडाचे असून जमिनीपासून बरोबर दोन फूट उंच आहे. त्यावर खिडक्यांच्या तळापर्यंत दगडी भिंत, त्याच्यावर चुन्यात बांधलेली वीट आणि चुन्याचाच गिलावा आहे. छप्पर दुपाखी, मंगलोरी कौलांचे. ओसरीच्या वळचणीखाली बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, ब्रॅकेट आहेत. खिडक्या तीन फूट रुंद आणि साडेचार फूट उंच, म्हणजे दोनास तीन या प्रमाणात आहेत आणि प्रत्येकीवर विटांची बसकी कमान आहे. सर्व मापे फूट-इंचांत घेतली, कारण घर त्याच मापात विचार करून बांधलेले आहे. मीटरमध्ये मोजले की नेमके आकडे विस्कटतात आणि बांधणाऱ्याचा हेतू दिसेनासा होतो.

१ सप्टेंबर २०२४

पाऊस असेपर्यंत आवारातील पाणी पाहून घ्यावे म्हणून मोठ्या सरीच्या वेळी बाहेर उभा राहिलो. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्य आणि पश्चिम दिशेने तिरका येतो, त्यामुळे शेडची पश्चिमेकडची बाजू सर्वांत जास्त भिजते. घराच्या मागच्या पाखीच्या पागोळ्या शेडच्या दक्षिणेकडील पट्ट्यात पडतात आणि तिथे पाणी थोडा वेळ साचते. नव्या इमारतीच्या पश्चिम भिंतीत एकही खिडकी ठेवायची नाही आणि घर व कार्यशाळा यांच्यामधून दगडी नाली काढायची, हे दोन निर्णय आजच्या पाहणीतून झाले. पश्चिमेला शेजाऱ्यांचे घर असल्याने आवाजाच्या दृष्टीनेही ती भिंत बंद असणेच योग्य आहे.

२२ सप्टेंबर २०२४

आज आराखड्याचा मुख्य प्रश्न सोडवला: जुन्या घराशी जुळणे म्हणजे नेमके काय?

जुन्या वास्तूजवळ नवे बांधकाम करताना दोन टोके सहज दिसतात. एका टोकाला सपाट स्लॅब, रोलिंग शटर आणि बाहेरून दगडाच्या पातळ चिपा चिकटवलेली भिंत असते. दुसऱ्या टोकाला घरावरची सगळी नक्षी जशीच्या तशी उचलून नव्या खोलीवर चढवलेली असते. दोन्ही मला मान्य नाहीत. आमच्या घराच्या दर्शनी पाखीला कोरीव लाकडी झालर आहे. ती घराचा दर्शनी चेहरा आहे म्हणून तिथे शोभते. मागच्या अंगाच्या कामाच्या जागेला तीच झालर लावली तर दोघांचेही मोल कमी होईल. कोल्हापुरात पाहण्यासारखे दगडी काम भरपूर आहे, १८८४ मध्ये पूर्ण झालेल्या नव्या राजवाड्यापासून १९०६ मध्ये सुरू झालेल्या शाहू मिलपर्यंत. परंतु राजवाड्याचा किंवा गिरणीचा घाट आपल्या आवारात आणण्याची आवश्यकता नाही. या कार्यशाळेला लागणारे सगळे शिक्षण शेजारच्या घरातच आहे, आणि ते नक्षीत नसून छपराच्या चढात, उघड्या जागांच्या प्रमाणात, दगड कुठे संपून वीट कुठे सुरू होते यात आणि साहित्याच्या खरेपणात आहे.

म्हणून आधी छपराचा चढ. पाणसळ आणि गुण्या घेऊन ओसरीच्या पाखीवर मोजले, तर बारा इंचांत सात इंच चढ निघाला, म्हणजे सुमारे ३० अंश. हाच चढ कार्यशाळेला ठेवला. चढात थोडाही फरक पडला तर दोन पाख्या एकाच नजरेत येताच तो खटकतो, कितीही महाग कौले घातली तरी.

नंतर उंची. घराची वळचण जमिनीपासून तेरा फुटांवर आहे. कार्यशाळेच्या आतली रुंदी तेरा फूट आणि लांबी चोवीस फूट धरली आहे. भिंतींच्या मध्यापासून मध्यापर्यंतचा गाळा साधारण चौदा फूट येतो. चौदाचा निम्मा सात, त्यावर बारास सात चढ, म्हणजे आढे भिंतीच्या माथ्यापासून चार फूट एक इंच वर. भिंतीचा माथा जमिनीपासून नऊ फुटांवर ठेवला की कार्यशाळेचे आढे घराच्या वळचणीच्या पातळीत येते. मोठ्या घराच्या वळचणीपर्यंतच धाकट्या इमारतीने उठावे, यापेक्षा चांगली मर्यादा मला सुचली नाही, आणि हिशेबही तसाच जुळला हे फार समाधानाचे आहे.

६ ऑक्टोबर २०२४

जोत्याचा पेच. घराचे जोते दोन फुटांचे, पण कार्यशाळेत मोटार जायची असल्यामुळे जमीन जास्तीत जास्त सहा इंच वर घेता येते. दोन फूट उंचीवर मोटार चढवायची तर इतका लांब उतार लागेल की आवारात दुसरे काही उरणार नाही. पण जोत्याची दगडी रेघ घराभोवती फिरून कार्यशाळेपाशी तुटली तर दोन इमारतींचा संबंधच तुटतो.

उपाय असा ठरला की आतली जमीन सहा इंचांवरच ठेवायची, परंतु बाहेरून दगडी भिंतीत दोन फुटांच्या पातळीवर घराच्या जोत्यासारखीच एक इंच पुढे आलेली घडीव पट्टी फिरवायची. तिच्या खालचे दगड मोठे आणि टाकीने (छिन्नीने) घडवलेले, वरचे थोडे लहान. दरवाजाच्या दोन्ही बाजूंना ही पट्टी थांबेल आणि तिथे अखंड उभा दगड येईल, म्हणजे मोटारीचे चाक घासले तरी कोपरा फुटणार नाही.

२० ऑक्टोबर २०२४

दरवाजावर आमच्या सुतार मेस्त्रींशी बोलणे झाले. ते म्हणाले, “अण्णा, शटर बसवा की. एका दिवसात काम हुतंय, वर कुलूप बी चांगलं.” त्यांचे म्हणणे व्यवहाराचे आहे, शटर स्वस्त पडते आणि जागा अडवत नाही. तरीही मी लाकडी दारांवर ठाम आहे. शटरची पेटी आठ-नऊ इंच खाली उतरते आणि त्यामुळे दाराची मोकळी उंची कमी होते. शिवाय पत्र्याचा आवाज आणि उन्हात तापणारी पूर्वेकडची बाजू या दोन्ही गोष्टी रोज सोसाव्या लागतात.

आठ फूट रुंद आणि सात फूट उंच अशी उघडझाप. दोन झडपा, बाहेर उघडणाऱ्या. चार फुटांची झडप स्वतःच्या वजनाने मोकळ्या बाजूला झुकते, म्हणून आतल्या बाजूला तिरकी पट्टी द्यायची, आणि ती खालच्या बिजागरीपासून वरच्या मोकळ्या कोपऱ्याकडे जायला हवी. या दिशेने लाकडावर दाब येतो आणि लाकडाचा सांधा दाब उत्तम सोसतो. उलट दिशेने दिली तर ताण येतो आणि काही वर्षांत सांधा उघडतो.

दरवाजावर खिडक्यांसारखी कमान द्यावी का, हा दुसरा प्रश्न. आठ फुटांच्या बसक्या कमानीचा दोन्ही बाजूंना येणारा रेटा मोठा असतो आणि इथे बाजूला जेमतेम सव्वातीन फुटांची भिंत उरते, तीही वर नऊ इंची विटांची. आत काँक्रीटचा लिंटल (दारावरची आडवी तुळई) घालून बाहेर कमानीचा देखावा करणे मला पटत नाही. घराच्या ओसरीवर आजोबांनी पोलादी आय-गर्डर उघडा ठेवलेला आहे. तोच मार्ग इथे घेतला: दारावर पोलादी गर्डर, रंगवलेला आणि दिसणारा.

१० नोव्हेंबर २०२४

महापालिकेची रीतसर परवानगी मिळाली. परवानाधारक अभियंत्यांनी नकाशे आणि जागेची अंतरे तपासून दिली होती, त्यामुळे काही बदल करावा लागला नाही.

२७ नोव्हेंबर २०२४

पायाचे खोदकाम. वरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिच्यावर भिंत उभी करणे म्हणजे दरवर्षी भिंतीला हलवणे आहे. घट्ट मुरूम लागेपर्यंत खाली गेलो. काळी माती आतून पूर्ण काढून भराव मुरमाचा केला, थर देऊन, पाणी मारून, धुम्मस करून.

अभियंत्यांनी एक गोष्ट आग्रहाने सांगितली आणि ती मला पूर्ण मान्य आहे. कोल्हापूर भूकंपाच्या क्षेत्र तीनमध्ये मोडते आणि ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात आमच्या घराच्या त्रिकोणी भिंतीला गेलेली चीर अजून गिलाव्याखाली हाताला लागते. त्यामुळे कार्यशाळेच्या चारी भिंतींना माथ्यापाशी तीन इंच जाडीचा लोखंडी सळयांचा काँक्रीट पट्टा बांधायचा. तो गिलाव्यात जाईल, दिसणार नाही. खोटी कमान नाकारणे आणि हा पट्टा लपवणे यांत मला विसंगती वाटत नाही. कमान देखावा करते, पट्टा काम करतो.

१९ डिसेंबर २०२४

दगड आणि चुना. या कामावर सर्वांत जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता.

शेडच्या मागे पडलेले जुन्या कुंपणाचे काळे दगड प्रथम वापरले, उरलेले खाणीतून आणले. नव्या दगडाचा रंग जुन्यापेक्षा निळसर असतो. हवापाण्याने तो हळूहळू करडा होतो. म्हणून दोन्ही प्रकार मिसळून बांधले, एका भिंतीत जुने आणि दुसऱ्या भिंतीत नवे असे केले नाही. कोपऱ्याचे दगड आळीपाळीने लांब-आखूड बसवले आणि प्रत्येक थरात भिंतीच्या जाडीभर जाणारे सांधदगड टाकले, कारण पंधरा इंची दगडी भिंत ही खरे तर दोन तोंडांची असते आणि सांधदगड नसले तर ती तोंडे कालांतराने एकमेकांपासून सुटतात.

बांधकाम चुन्यातच करायचे, यावर काही जणांनी शंका घेतली. कारण सांगतो. काळा दगड स्वतः पाणी जवळजवळ शोषत नाही; भिंतीत शिरलेला ओलावा बाहेर पडतो तो दगडांमधल्या दरजांतूनच. दरजा सिमेंटने भरल्या की ती वाट बंद होते, ओल आत कोंडते आणि मग आतल्या गिलाव्याचे पापुद्रे निघतात. गावातील पुष्कळ जुन्या घरांच्या दगडी भिंती सिमेंटच्या फुगीर दरजांनी अशाच खराब झालेल्या दिसतात. चुना मऊ असतो, श्वास घेतो, आणि भिंत किंचित हलली तरी मोठी चीर न पडता बारीक केसासारख्या रेषांत ती हालचाल सामावून घेतो.

कळीचा चुना हौदात विरवून पाण्याखाली मुरत ठेवला होता. वाळूबरोबर विटांची सुरखी, म्हणजे भुकटी, मिसळली, कारण नुसता चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेत फार सावकाश कठीण होतो, तर भाजलेल्या मातीच्या सुरखीशी त्याची रासायनिक क्रिया होऊन तो ओलीतही घट्ट होतो. आमचे वयस्क गवंडी गूळ आणि हिरड्याचे पाणी मागत होते. गुळाच्या या गावात गूळ मिळायला अडचण नाही. गिलाव्याच्या चुन्यात ते पाणी थोडे घातले आणि माल हाताखाली लोण्यासारखा फिरू लागला. मात्र ती पिंपे काँक्रीटच्या जागेपासून दूर ठेवायला सांगितली, कारण साखर सिमेंटची वैरी आहे. सिमेंटच्या वजनाच्या हजारात एक भाग साखरही त्याचे घट्ट होणे लांबवते.

दरजा घराप्रमाणेच दगडाच्या कडेपासून किंचित आत ठेवल्या.

१२ जानेवारी २०२५

वीटकाम भिंतीच्या माथ्यापर्यंत आले आणि पट्टा ओतला.

उत्तरेच्या भिंतीत तीन खिडक्या आहेत. बाकावर काम करताना सारखा, सावली न पाडणारा उजेड हवा असतो आणि तो उत्तरेकडून मिळतो. परंतु आपल्या अक्षांशावर हे विधान जपून करावे लागते. कोल्हापूर सुमारे १६.७ अंश उत्तरेला आहे. मेच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो माध्यान्हीलाही उत्तरेकडे झुकलेला असतो. २१ जूनला जवळपास सात अंश. म्हणजे त्या काळात उत्तरेच्या खिडकीतही थेट ऊन येऊ शकते. दोन फुटांची वळचण त्यासाठी पुरेशी आहे, आणि पावसापासूनही तिचाच आधार.

खिडक्यांचे प्रमाण घराचेच, दोनास तीन, पण माप लहान: दोन फूट चार इंच रुंद, साडेतीन फूट उंच. तळ आतल्या जमिनीपासून साडेतीन फुटांवर, म्हणजे खाली चौतीस इंची बाक भिंतीला लागून बसते आणि त्यावर ठेवलेली हत्यारे काचेच्या खाली राहतात. खिडक्यांचा तळ जिथे येतो तिथेच दगड संपून वीट सुरू होते, जसे घरात आहे. कमानीही आहेत, इतक्या लहान गाळ्याला त्या खऱ्या बांधता येतात.

९ फेब्रुवारी २०२५

ब्रॅकेटचे काम पुरे झाले. हे माझ्या स्वतःच्या धंद्याचे काम असल्याने सविस्तर लिहितो.

घराच्या ओसरीच्या वळचणीखाली ज्या बिडाच्या ब्रॅकेट आहेत, त्या कार्यशाळेच्या उत्तर व दक्षिण वळचणींनाही हव्या होत्या, कारण दोन फूट पुढे आलेल्या वाशांना खालून आधार मिळाला तर वासे बारीक घेता येतात. पहिला सोपा मार्ग म्हणजे जुनी ब्रॅकेट काढून तीच साच्यासाठी वापरणे. परंतु बीड थंड होताना आकसते, साधारण शंभरास एक या प्रमाणात. जुन्या ब्रॅकेटची उभी बाजू तीनशे मिलिमीटर आहे; तिच्यावरून थेट ओतले तर नवी ब्रॅकेट तीन मिलिमीटर लहान येईल आणि भोकेही सरकतील. त्यात जुन्या ब्रॅकेटवर रंगाचे अनेक थर बसलेले असल्याने नक्षीच्या कडा बोथट झालेल्या होत्या.

म्हणून सागवानाचा नवा पॅटर्न केला. रंग खरवडून एका ब्रॅकेटचा ठसा कागदावर घेतला, आकसण्याची वाढ धरून तो पुन्हा आखला आणि कापला. वाळूतून पॅटर्न सुटावा म्हणून प्रत्येक उभ्या कडेला अंश-दीड अंश उतार ठेवला. आतल्या कोपऱ्यांना गोलाई दिली, कारण टोकदार आतल्या कोपऱ्यात ओतीव धातूला थंड होताना तडा जाण्याचा धोका असतो. भिंतीला टेकणाऱ्या सपाट बाजूवर तीन मिलिमीटर जादा माल ठेवला, म्हणजे तेवढा भाग मशीनवर साफ करता येतो.

नक्षीत एक बदल जाणीवपूर्वक केला. घराच्या ब्रॅकेटमध्ये वेलीच्या मध्यभागी फूल आहे. नव्या पॅटर्नमध्ये वेलीची वळणे तीच ठेवली, फुलाच्या जागी साधे वर्तुळ ठेवले. पन्नास वर्षांनंतर कोणी पाहिले तर कुटुंब एकच आहे हे कळावे आणि धाकटे कोण हेही कळावे.

उद्यमनगरातील एका लहान फाउंड्रीत कास्टिंग झाले. नगांवर हातोडीने हलके ठोकून आवाज ऐकला. सर्व खणखणीत वाजले. रेड ऑक्साइडचा हात देऊन ठेवले आहेत.

२ मार्च २०२५

कैच्या, म्हणजे छपराचा भार पेलणारे त्रिकोणी लाकडी सांगाडे, चढल्या. दर सहा फुटांवर एक, अशा तीन कैच्या, आणि दोन्ही टोकांना त्रिकोणी भिंती. लाकूड टिंबर मार्केटमधून घेतलेले जुने सागवान आहे, पाडलेल्या वाड्यांमधून आलेले. जुन्या सागाचा फायदा असा की तो पूर्ण वाळलेला असतो. तोटा असा की त्यात खिळे असतात, आणि करवतीचे पाते एका खिळ्याने निकामी होते. प्रत्येक तुकड्यावरून लोहचुंबक फिरवूनच कापणी केली. बाहेरचा पांढरट भाग तासून टाकला, कारण वाळवी तोच आधी धरते. आतल्या गाभ्याला ती सहसा लागत नाही.

कैचीतल्या मधल्या उभ्या खांबाविषयी तरुण सुतारांचा नेहमी गैरसमज होतो, म्हणून त्यांना समजावून सांगितले. हा खांब खालच्या तुळईवर उभा नसतो. तो वर आढ्यापाशी तिरक्या वाशांत अडकलेला असतो आणि तुळईला मधून वर उचलून धरतो. म्हणून खालच्या सांध्याला लोखंडी पट्टा लागतो आणि खांबाचे टोक तुळईपासून थोडे मोकळे ठेवावे लागते.

२३ मार्च २०२५

कौले. पाखीची तिरकी लांबी सुमारे ३.१८ मीटर, छपराची लांबी ८.७ मीटर, दोन पाख्या मिळून ५५ चौरस मीटर. चौरस मीटरला पंधरा कौले धरली तर सव्वाआठशेच्या वर लागतात. तुटफूट धरून नऊशे आणली. एक कौल सुमारे अडीच किलोचे, म्हणजे छपरावर दोन टनांचा भार. हा भार उपयोगाचाही आहे, कारण वाऱ्याने कौले उचलली जात नाहीत.

जुनी कौलेच शोधली. काहींवर बासेल मिशनचा शिक्का आणि १८६५ हे वर्ष आहे. ते वर्ष कौल भाजल्याचे नसून मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचे आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. जुन्या कौलांचे व्यापारी मात्र ते कौलाचे वय म्हणून सांगतात. निरनिराळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचांत थोडा फरक असतो आणि ती एकमेकांत नीट बसत नाहीत, म्हणून एका पाखीवर एकाच कारखान्याचा माल ठेवला. प्रत्येक कौल ठोकून पाहिले. बद्द आवाज आला की बाजूला. कौले ज्यांवर टेकतात त्या रिपांचे अंतर पुस्तकातून घेतले नाही, प्रत्यक्ष कौले जमिनीवर मांडून, थोडी ओढून आणि थोडी दाबून, मधले माप घेतले.

उत्तर पाखीत बाकाच्या वर काचेची कौले टाकली. दक्षिण पाखीत ती टाकली असती तर हिवाळ्यातील तिरपे ऊन थेट कामावर पडले असते. दोन्ही त्रिकोणी भिंतींत आढ्याजवळ लाकडी झडपांची हवेशी आहे. चैत्र-वैशाखात कौलांखाली तापलेली हवा तिथून निघून जाते. पश्चिमेच्या हवेशीवर लाकडाची छोटी छपरी दिली, तिरक्या पावसासाठी. आढ्यावरची कोनी चुन्यात बसवली.

२० एप्रिल २०२५

जोतिबाच्या चैत्र यात्रेसाठी गवंडी आणि बिगारी गेल्यामुळे काम थांबले होते. ते धरूनच वेळ आखला होता.

जमिनीचे दोन भाग केले. मोटारीच्या भागात चार इंच काँक्रीटवर शहाबादी फरशी, दाराकडे शंभरास एक उतार. मागच्या भागात कोबा. लेथखाली स्वतंत्र काँक्रीटचा ओटा असून त्याच्या भोवती वाळूची फट ठेवली आहे, म्हणजे यंत्राची थरथर भिंतीपर्यंत जाणार नाही.

विजेसाठी चुन्याच्या भिंतींत खाचा मारल्या नाहीत. लोखंडी पाइप भिंतीवरून सरळ रेषांत नेले. कार्यशाळेला स्वतंत्र अर्थिंग, स्वतंत्र पेटी आणि ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक स्विच. लेथवरच्या दिव्याबाबत काळजी घेतली: जुन्या चोकच्या ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, आणि नग धरून फिरणारा चक ठरावीक वेगाला थांबलेला भासू शकतो. तिथे न लुकलुकणारा एलईडी दिवा आहे. ग्राइंडर भुशापासून दूर, मोटारीच्या बाजूला नको म्हणून नैर्ऋत्य कोपऱ्यात, दगडी भिंतीला लावून ठेवला.

शेजारच्या काकूंना यंत्रे चालण्याच्या वेळा सांगून ठेवल्या आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा ती ४५ पर्यंत खाली येते. कापणीची यंत्रे सकाळी दहाच्या आधी आणि दुपारच्या विश्रांतीच्या वेळी लावायची नाहीत, हे मी माझ्याकडून ठरवले.

११ मे २०२५

दारे बसली. चौकटींच्या खाचांत फळ्या डिंकाशिवाय, सैल बसवल्या आहेत. पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगते आणि हिवाळ्यात आकसते, त्या हालचालीला जागा हवी. बिजागऱ्या लोहारकामाच्या लांब पट्टीच्या. घराच्या मुख्य दाराच्या चौकटीची रुंदी साडेचार इंच आहे, इथेही तीच. कडी-कोयंडा घराच्या मागच्या दाराचा जुना होता, तो साफ करून लावला. मेस्त्रींनी स्वतः झडप एका बोटाने ढकलून पाहिली आणि म्हणाले, “आता शटरचं नाव काढत न्हाई.”

२५ मे २०२५

यंदा पाऊस मेच्या उत्तरार्धातच जोरात आला. कौले आणि कोनी वेळेत झाली होती म्हणून निभावले. सलग पावसात आत फिरून प्रत्येक रीप पाहिली. काचेच्या एका कौलाच्या कडेला थेंब दिसला. खालचे कौल अर्ध्या इंचाने वर सरकवल्यावर तो थांबला. दक्षिणेची दगडी नाली घराच्या आणि कार्यशाळेच्या दोन्ही पागोळ्या घेऊन पाणी रस्त्याकडे काढते आहे आणि पूर्वी जिथे पाणी साचत होते तिथली माती आता टिकून आहे. पश्चिम भिंत बाहेरून पूर्ण भिजली, आत हात लावला तर कोरडी आहे.

१५ जून २०२५

राहिलेली कामे लिहून ठेवतो. बाहेरच्या गिलाव्याला चुन्याचा हात दिवाळीनंतर द्यायचा, कारण गिलावा अजून आतून मुरतो आहे आणि ओल्या हवेत पांढरा हात नीट धरत नाही. दारांना जवसाचे तेल उन्हाळा संपता संपता एकदा दिले आहे, दुसरा हात पाऊस उघडल्यावर. लेथची पातळी पावसाळ्यानंतर पुन्हा तपासायची, नव्या भरावावरचा ओटा पहिल्या वर्षी किंचित बसू शकतो.

बाकावर पहिले काम घराचेच घेतले आहे. ओसरीच्या दक्षिणेकडील खिडकीची खालची आडवी पट्टी कुजली आहे. चौकट उतरवून आणली आहे. उभ्या पट्ट्या शाबूत असल्याने पूर्ण झडप बदलणार नाही. कुजलेला भाग कापून त्याच जुन्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा. सांध्याची लांबी पट्टीच्या जाडीच्या सहापट घेतली आहे आणि उतार बाहेरच्या बाजूला खाली जाणारा ठेवला आहे, म्हणजे पाणी सांध्यात न शिरता ओघळून जाईल. उद्या सकाळी डिंक लावून शिकंजे आवळायचे आहेत.